एकाच डबीत सर्दी आणि खाज: नागपूरच्या एका घरगुती मलमाचे प्रकरण

मानेवाडा भागातले एकत्र कुटुंब. नोव्हेंबरच्या अखेरीस थंडी जाणवू लागली तशी घरच्या सुनेने हिवाळाभराचे मलम एकाच बैठकीत करून ठेवले. घरात गरजा चार होत्या. नवऱ्याचे नाक सकाळी चोंदते. सासूबाईंच्या पिंडऱ्यांची कातडी थंडीत कोरडी पडून खाजते. सात वर्षांची मुलगी शाळेतून महिन्याआड सर्दी घेऊन येते. चौदा महिन्यांच्या बाळाच्या गालांवर लालसर, खरखरीत चट्टे उठतात. चौघांनाही चालेल असे एकच मलम करावे, हा हेतू.

त्यात पडलेले जिन्नस असे: खोबरेल तेल ३०० मिली, जवसाचे तेल १०० मिली, ओली तुळस दोन मुठी, कडुनिंबाचा ओला पाला एक मूठ, हळद दोन चमचे, मधमाशीचे मेण ४० ग्रॅम, पूजेचा कापूर ५० ग्रॅम, पुदिन्याचे फूल (मेंथॉलचे खडे) २० ग्रॅम, ओव्याचे फूल (थायमॉलचे खडे) १० ग्रॅम, निलगिरी तेल २० मिली. पाला तेलात दहा मिनिटे उकळला, कापडातून घट्ट पिळून गाळला. तेल बाजूला ठेवून मेण वेगळे वितळवले आणि कोमट झालेल्या तेलात ओतले. गुठळ्या झाल्या, म्हणून गंज (पातेले) पुन्हा गॅसवर चढवला आणि त्याच वेळी कापूर, फुले, निलगिरी टाकली. गरम असतानाच वीस डब्या भरल्या आणि लगेच झाकणे लावली.

तीन आठवड्यांत निकाल लागला. नवऱ्याला आणि मुलीला छातीला चोळून बरे वाटले, त्यामुळे कृती चांगलीच आहे अशी घरात खात्री झाली. मात्र मलम सैल राहिले, बोटाला दाणे लागू लागले, आणि ज्या वासासाठी इतका कापूर घातला तो वासच फिका निघाला. झाकणांच्या आतून पाण्याचे थेंब दिसले आणि चार डब्यांत करडे-हिरवे ठिपके आले. अंगावर राहिलेल्या मलमाला ऑइलपेंटसारखा वास येऊ लागला. सासूबाईंच्या पिंडऱ्या जळजळून लाल झाल्या. आणि एका रात्री बाळाच्या छातीला आणि नाकाखाली मलम लावल्यावर त्याला खोकल्याची ढास लागली, डोळ्यांतून पाणी आले. घरच्यांनी ते पुसून काढले, सकाळी डॉक्टरांना दाखवले. बाळाला पुढे काही त्रास झाला नाही.

आधी बाळाचे

यातल्या बाकीच्या चुका डबी फेकून दिली की संपतात. बाळाची चूक तशी नाही, म्हणून तिचा विचार पहिला.

हिशेब करून पाहू. खोबरेल ३०० मिली म्हणजे साधारण २७६ ग्रॅम, जवस तेल ९३, मेण ४०, कापूर ५०, पुदिन्याचे फूल २०, ओव्याचे फूल १०, निलगिरी १८. एकूण ५०७ ग्रॅम. म्हणजे टाकतेवेळी कापूर जवळपास १० टक्के, पुदिन्याचे फूल ४ टक्के, निलगिरी साडेतीन टक्के, ओव्याचे फूल २ टक्के. बाजारात मिळणाऱ्या सर्दीच्या मलमात कापूर ५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि मेंथॉल, म्हणजेच पुदिन्याचे फूल, ३ टक्क्यांच्या आत. अमेरिकेत अशा मलमांतल्या कापरावर ११ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, आणि बाजारचे मलम त्याहून कितीतरी सौम्य असूनही दोन वर्षांखालच्या मुलांना ते लावू नये असे डबीवरच छापलेले असते. इथे टाकलेल्या मापाने बाजारच्या मलमाच्या दुप्पट तीव्रतेचे मलम चौदा महिन्यांच्या बाळाच्या नाकाखाली लागले.

तान्ह्या बाळाच्या नाकाशी मेंथॉलचा तीव्र वास गेला की श्वासनलिकेचे तोंड आकसू शकते, श्वास क्षणभर अडू शकतो. कापूर कातडीतून शोषला जातो, आणि बाळाची कातडी पातळ, त्यात चट्टे पडलेली असेल तर जास्तच. पण सर्वांत मोठा धोका डबी तोंडात जाण्याचा. टाकलेल्या मापाने पाहिले तर या मलमाच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, अर्धा ग्रॅम कापूर होता. लहान मुलाच्या पोटात एवढा कापूर गेला तरी झटके येऊ शकतात, आणि ते काही मिनिटांत ते तास-दीड तासात येतात. पूर्ण डबीत अडीच ग्रॅम होता. एवढा कापूर पोटात गेला तर जीव जाऊ शकतो.

म्हणून डबी मुलांच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही. देवघरातल्या कापराच्या पुडीलाही हेच लागू. मुलाने मलम किंवा कापूर गिळल्याचा संशय आला तर उलटी करवायची नाही. डबी सोबत घेऊन थेट मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागात, नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचे. झटका येण्याची वाट पाहत घरी थांबायचे नाही.

कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्या काही घरांत कापराच्याच डब्यात पडलेल्या असतात. त्या नॅफ्थलीनच्या असतात, आणि काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटतात. घरातला कापूर नेमका कोणता याची खात्री नसेल तर तो मलमात घालू नये. पूजेच्या कापरात काय मिसळले आहे हेही पुडीवर लिहिलेले नसते. इतवारीच्या किराणा ओळीत काष्ठौषधीच्या दुकानात औषधी दर्जाचा कापूर आणि पुदिन्याचे फूल वेगळे मागून घ्यावे, पुडीवर नाव आणि तारीख लिहून घ्यावी.

एक डबी, दोन उलटी कामे

सर्दीत छातीला चोळायचे मलम आणि खाजणाऱ्या कातडीचे मलम एक होऊच शकत नाही. या प्रकरणाचा गाभा हाच आहे, आणि प्रमाण कितीही बदलले तरी तो बदलत नाही.

सर्दीच्या मलमात कामाचे असतात ते उडणारे, झोंबणारे पदार्थ. मेंथॉल नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागे करते. नाकातली सूज तेवढीच राहते, हवा तेवढीच जाते, पण श्वास मोकळा झाल्यासारखे वाटते आणि झोप लागते. कापूर, निलगिरी कातडीवर ऊब आणतात. ही ऊब म्हणजे कातडीला मुद्दाम दिलेला सौम्य चिमटाच. धडधाकट छातीवर तो सुखावतो. सासूबाईंच्या पिंडरीवर मात्र कातडीचा वरचा थर आधीच तडकलेला होता. तिथून हेच पदार्थ आत शिरले, जळजळ झाली, सासूबाईंनी खाजवले, कातडी आणखी फाटली. ओव्याचे फूल, म्हणजे थायमॉल, यात सर्वांत झोंबणारे. ते २ टक्के घालायचे कारणच नव्हते.

कातडीच्या मलमाचे काम याच्या अगदी उलटे: काही न झोंबता पाणी आत धरून ठेवणे. त्यात वास नको, फूल नको, निलगिरी नको. ‘कापराने खाज थांबते’ हे निरोगी कातडीवर, डासाच्या चाव्यावर थोडा वेळ खरे आहे. फुटलेल्या कातडीवर ते चालत नाही.

मलम का बिघडले

सैलपणाचे कारण मेण कमी पडले हे आहेच, पण मेण कमी का पडले हे समजून घेण्यासारखे आहे. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल हे तिन्ही पांढरे, कोरडे खडे. एका बाटलीत एकत्र ठेवले की न तापवता आपोआप पातळ होतात. अमृतधारा अशीच होते. म्हणजे मलमात हे तीन ‘घन’ पदार्थ घन राहत नाहीत, ८० ग्रॅमपर्यंत जादा पातळ द्रव होऊन मेणाच्या जाळीत शिरतात. मेणाचा हिशेब ४०० मिली तेलावर धरला होता, प्रत्यक्षात ४० ग्रॅम मेणाला याचाही भार पेलावा लागला. मेण पडले जेमतेम ८ टक्के. इतक्या मेणात मलम घट्ट होत नाही.

दाणे दोन जातींचे होते. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते. ते कोमट तेलात ओतले की जागच्या जागी थिजते आणि दाणे धरते. पुन्हा तापवल्यावर ते बरेचसे गेले, पण गंज एकसारखा तापला नाही म्हणून थोडे उरले. दुसरे दाणे खोबरेलाचे, आणि हे नागपूरचे खास दुखणे. खोबरेल २४-२५ अंशांना वितळते. डिसेंबरात इथे दुपारी पारा २८ ला जातो आणि पहाटे ११-१२ ला उतरतो. खोबरेल रोज वितळते, रोज थिजते, आणि दर खेपेला दाणा मोठा होत जातो. किनारपट्टीची खोबरेलाची कृती विदर्भात जशीच्या तशी उतरत नाही ती याचमुळे. मुख्य तेल तिळाचे धरावे आणि खोबरेल थोडे ठेवावे.

वास उडाला तो आचेमुळे. कापूर वितळायच्या आधीच हवेत उडतो. गरम गंजावर तो टाकताच स्वयंपाकघरात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्याचेच. घातलेल्या ५० ग्रॅमपैकी बराच तिथेच गेला. इथे आगीचाही धोका होता. निलगिरी तेलाची वाफ ५० अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते. पेटत्या बर्नरवरच्या गंजात ते ओतू नये.

बुरशीचे मूळ ओल्या पाल्यात. ताज्या तुळशीचा बहुतेक भार पाण्याचा. दहा मिनिटांच्या उकळीत ते सगळे गेले नाही, पिळून गाळताना उरलेले पाणी आणि पाल्याचा चोथा तेलात उतरला. वर गरम डब्यांना झाकणे लावल्याने वाफ आतच थिजून थेंब झाले. निव्वळ तेल-मेणाच्या मलमात बुरशीला जगता येत नाही, पाण्याचा थेंब आणि पानाचा कण मिळाला की येते. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या फोडून घातल्या असत्या तर बुरशी टळली असती का, असा प्रश्न घरच्यांचा होता. नाही. त्याने तेल खवट होणे लांबते, बुरशी थांबत नाही.

हळदीने उशांचे अभ्रे पिवळे झाले, एवढेच तिचे काम दिसले.

राहिले जवसाचे तेल. विदर्भात जवस घरोघरी, चटणीत तर हवाच, आणि ‘जवस अंगाला चांगले’ म्हणून ते मलमात आले. पण जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन सुकते आणि चिकट पापुद्रा धरते. रंग बनवणारे ते नेमके याच गुणासाठी वापरतात. अंगावर पातळ थर पसरला की हे आणखी लवकर होते, म्हणून पेंटचा वास. शिवाय जवस तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकले तर ते आतल्या आत तापून पेटू शकते. गाळायचे कापड साबणाने धुऊन, पसरून वाळवावे. फल्लीचे (शेंगदाण्याचे) तेल मलमाला चालते, पण वासाला जड. मोहरीचे तेल लहान मुलांच्या आणि फुटलेल्या कातडीला नको, झोंबते. मोहाच्या टोळीचे (बियांचे) तेल हिवाळ्यात आपोआप थिजते, जुन्या घरांत पायाच्या भेगांना लावतात. ते ताजे आणि नीट गाळलेले मिळाले तर कातडीच्या डबीत खोबरेलाच्या जागी छान बसते.

सर्दीची डबी, २०० ग्रॅम

तुळस सावलीत वाळवावी. नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत चार-सहा दिवस पुरतात. पान मुठीत धरून चुरले की कर्र वाजून भुगा व्हायला हवे, वाकले तर अजून ओल आहे. जुलै-ऑगस्टात पाने वाळत नाहीत, सादळतात. त्या दिवसांत नवे मलम घालू नये.

वाळलेली तुळस १० ग्रॅम आणि ओव्याची भरड ६ ग्रॅम, तिळाचे तेल १८५ ग्रॅम. तेल लाकडी घाण्याचे असेल तर दोन दिवस स्थिर ठेवून तळचा गाळ मागे टाकून घ्यावे. मोठ्या गंजात पाणी, त्यात स्टीलचे भांडे, तेल ६० ते ६५ अंशांवर अडीच तास. स्वयंपाकाचा तापमापक शंभरदा उपयोगी पडतो, तो घ्यावाच. भांड्यावर झाकण ठेवू नये, नाहीतर झाकणाचे पाणी तेलातच पडते. खालचे पाणी उकळू लागले की तेल फार तापते, पाला जळतो आणि वासाला करपटपणा येतो.

दुपदरी मलमलीतून गाळावे आणि पिळू नये. चोथ्यात २५-३० ग्रॅम तेल राहते, ते राहू द्यावे. गाळलेले तेल रात्रभर ठेवून सकाळी वरचे तेवढे नितळून घ्यावे. पाणी राहिले का, हे पाहण्याची रीत जुनीच आहे: कापसाची वात त्या तेलात भिजवून पेटवायची. तडतडली तर पाणी आहे. आयुर्वेदातल्या तैलपाकाच्या (औषधी तेल शिजवण्याच्या) परीक्षेतही कल्क (तेलातली वाटलेली वनस्पती) विस्तवावर टाकून तो आवाज करतो का ते पाहतात, तत्त्व तेच. तडतड झाली तर तेल आणखी अर्धा तास ६५ अंशांवर ठेवून परत पाहावे.

आता मापे, सगळी वजनाने. चमच्याने मेण मोजता येत नाही आणि कापूर तर मोजूच नये. अर्धा ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो.

हिवाळ्यासाठी: तेल १५६ ग्रॅम, मेण २८, कापूर ८, पुदिन्याचे फूल ५, निलगिरी तेल ३. उन्हाळ्यासाठी: तेल १४४ आणि मेण ४०, बाकी तेच. दोन्हीत कापूर ४ टक्के आणि मेंथॉल अडीच टक्के बसते. ओव्याचे फूल यात नाही. ओव्याचा जो वास तेलात उतरला तो पुरे.

मेण घेताना काळजी घ्यावी. मेळघाट-गडचिरोलीकडून येणारे आग्या मोहोळाचे मेण चांगले असते, पण त्यात पोळ्याचा कचरा, मधाचा अंश असतो. ते गरम पाण्यात वितळवून थंड करावे, वर आलेली वडी उचलून तळचा काळा थर खरवडून टाकावा आणि वडी दोन दिवस पूर्ण वाळवावी. शुद्ध मेणाला मधाचा मंद वास असतो, थंड वडी मोडली तर तोंड रवाळ दिसते. पांढुरके, अर्धपारदर्शक आणि बिनवासाचे दिसले तर त्यात मेणबत्तीचे मेण आहे असे समजावे.

कापूर आणि पुदिन्याचे फूल आधी एका कोरड्या काचेच्या बाटलीत घालून बूच लावून ठेवावे. पातळ व्हायला थोडा वेळ लागतो. बाटली हातात फिरवत राहिले की खड्यांच्या कडा ओलसर होताना दिसतात, मग तळाला थेंब साचतो, आणि उरलेले खडे त्या थेंबात विरघळत जातात. एकही खडा उरला नाही की त्यात निलगिरी मिसळावी. प्लॅस्टिकची बाटली नको, काही प्लॅस्टिक या मिश्रणाने मऊ पडते. अशा द्रवाचा फायदा दुहेरी. तो कमी आचेवर मिसळतो, म्हणून उडत नाही, आणि मलमात कापराची कच उरत नाही.

तेल आणि किसलेले मेण एकत्रच गरम पाण्यात ठेवून ७० अंशांपर्यंत न्यावे. मेणाचा एकही धागा दिसता कामा नये. गॅस बंद करून भांडे ओट्यावर घ्यावे आणि सावकाश ढवळत राहावे. ५५ अंशांच्या आसपास, कडेला पांढुरकी साय धरण्याच्या जरा आधी, बाटलीतला द्रव घालून दहा-बारा वेळा ढवळावे आणि लगेच भरावे. साय धरल्यावर घातला तर दाणे पडतात, ७० ला घातला तर वास जातो. इथे घाई आणि ढिलाई दोन्ही नडते, म्हणून डब्या आधीच पुसून, वाळवून, रांगेत मांडून ठेवाव्यात.

डब्या २५ ग्रॅमच्या, काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या. वर कोरडा कागद टाकून तासभर थंड होऊ द्याव्यात, मगच झाकण. त्या तासात थोडा वास जातो, पण झाकणाखाली थेंब धरण्यापेक्षा ते परवडते.

डब्या भरायच्या आधी, म्हणजे द्रव घालण्यापूर्वी, मिश्रणाचा एक थेंब थंड ताटलीवर टाकून फ्रिजमध्ये तीन मिनिटे ठेवावा. बोटाने दाबून पाहावा. वाहिला तर २ ग्रॅम मेण आणखी, टोचला तर ५ ग्रॅम तेल आणखी. बाटलीतला द्रव त्याला अजून थोडे सैल करणार आहे, हे ध्यानात धरून थेंब मनासारखा वाटतो त्याहून किंचित घट्ट असावा.

कातडीची डबी, २०० ग्रॅम

ही साधी आहे आणि साधीच ठेवावी. तिळाचे तेल १३०, खोबरेल ४०, मेण ३०. उन्हाळ्यात तीळ ११८, खोबरेल ४०, मेण ४२. सगळे एकत्र ७० अंशांना वितळवावे, ढवळत ५५ वर आणून भरावे. तीळतेल आणि मेण यांचे सिक्थतैल आयुर्वेदात पूर्वीपासून आहे, हे त्याच वाटेचे. ज्यांना तिळाची ॲलर्जी आहे त्यांनी रिफाइंड सूर्यफूल तेल घ्यावे.

यात कडुनिंब, कोरफड, जेष्ठमध घालावे का? कोरफडीचा गर म्हणजे पाणीच. तो तेलात मिसळत नाही, वेगळा होऊन तळाला राहतो आणि सडतो. जेष्ठमधाचे गुणकारी अंश मुख्यतः पाण्यात उतरतात, तेलात फार थोडे. कडुनिंबाच्या बियांचे तेल तीव्र असते, फुटलेल्या कातडीला झोंबते, आणि लहान मुलाच्या पोटात गेले तर घातक. ज्यांना औषधी हवीच असेल त्यांनी हळकुंडाची भरड २ ग्रॅम तेलात घालून वरच्याच रीतीने गाळून घ्यावी आणि पिवळे डाग सोसावेत. खाजऱ्या कातडीला जितके पदार्थ कमी तितकी ॲलर्जीची शक्यता कमी.

लावायची वेळ महत्त्वाची. कोमट पाण्याने आंघोळ, टॉवेलने फक्त टिपून घेणे, आणि कातडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, पातळ थर. मलम स्वतः ओलावा देत नाही, असलेला अडवते. कोरड्या कातडीवर दुपारी लावले तर अडवायला काही नसते. नव्या डबीतले मलम आधी दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, तीन दिवस लावून पाहावे. लाली किंवा खाज आली तर वापरू नये.

सासूबाईंना आधी सगळे बंद करून साधी पेट्रोलियम जेली, आणि लाली गेल्यावर ही डबी, असा क्रम ठरला. बाळाच्या गालांचे चट्टे बालरोगतज्ज्ञांच्या हाती राहिले. तिथे घरगुती काहीच नको.

प्रत्येक खाज कोरडेपणाची नसते. गोल, कडेला उठावदार आणि मध्ये निवळलेला चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण. बोटांच्या बेचक्यांत रात्री वाढणारी आणि घरात दोघा-तिघांना एकदम होणारी खाज म्हणजे खरूज. दोन्हीला या मलमाने गुण येत नाही, उलट आजार पसरायला वेळ मिळतो. आणि मे महिन्यातल्या घामोळ्यांना तर हे मलम अजिबात लावू नये. घामाची तोंडे आधीच बुजलेली असतात, वर मेणाचा थर दिला की घामोळ्या वाढतात. तिथे थंड पाणी, सुती कपडे आणि कूलरची हवा.

वापर आणि साठवण

सर्दीची डबी मोठ्यांनी छाती, गळा, पाठ यांवर दिवसातून दोन-तीनदा, एका वेळी अर्धा छोटा चमचा. सहा वर्षांवरच्या मुलांना त्याच्या निम्मे, फक्त छाती-पाठीवर आणि कपड्याच्या आत. सहाच्या आतल्या मुलांना घरचे मलम लावू नये. दुकानी मलमाची खालची मर्यादा दोन वर्षे असली तरी तिथे प्रमाण यंत्रावर मोजलेले असते, घरच्या काट्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही. नाकपुडीत, नाकाखाली, डोळ्यांजवळ, जखमेवर लावायचे नाही. वर गरम शेक किंवा घट्ट पट्टी नको. वाफाऱ्याच्या पाण्यात टाकायचे नाही, उसळून डोळ्यांत जाते. दम्याच्या रुग्णांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारून. सर्दी सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते. तीन दिवसांवर ताप, श्वास जलद, छाती आत ओढली जाणे किंवा मूल दूध-पाणी न घेणे यांपैकी काही दिसले तर डबी बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

एका वेळी २०० ग्रॅमपेक्षा जास्त करू नये. सहा महिन्यांत जे संपत नाही ते खवट होते. डबीवर कृतीचे नाव, तारीख, आणि सर्दीच्या डबीवर लाल शाईने ‘लहान मुलांना नको’ असे लिहावे. दोन्ही डब्यांचा आकार किंवा झाकणाचा रंग वेगळा असावा, अंधारात चुकीची डबी हाती येते.

उन्हाळ्याचे मलम मार्चमध्येच तपासून घ्यावे. बंद डबी पिशवीत घालून ४५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावी. मऊ झाली तरी चालेल, पण तिरपी केल्यावर वाहता कामा नये. टिनाच्या छताखालच्या खोलीत आणि उन्हात उभ्या गाडीत याहून जास्त तापते, तिथे कोणतेही मेण-तेल टिकत नाही. घराच्या मधल्या खोलीतली आलमारी, खालचा कप्पा आणि त्याला कुलूप, ही जागा बरी. एकदा वितळून परत थिजलेली डबी दाणेदार होते. वास ठीक असेल तर ७० अंशांना वितळवून ढवळत थंड करून कातडीची डबी परत वापरता येते. सर्दीच्या डबीचे मात्र तसे करू नये, उडालेला कापूर किती आणि उरलेला किती हे कळायला मार्ग नसतो.

शेवटी घरच्यांनी विचारले, बचत गटाच्या स्टॉलवर ही डबी ठेवता येईल का. घरात वापरणे वेगळे आणि विकणे वेगळे. ‘सर्दीवर गुणकारी’ असे लिहून मलम विकले की ते औषध ठरते, आणि १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादनाचा परवाना लागतो. गुणाचा दावा न करता कातडीचे मलम सौंदर्यप्रसाधन म्हणून विकायचे तरी २०२०च्या नियमांप्रमाणे परवाना हवाच. चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात करावी. परवाना होईपर्यंत शेजारणीने डबी मागितली तर कातडीची द्यावी, सर्दीची देऊ नये. तिच्या घरात किती लहान मूल आहे आणि ती डबी तिथे कुठे ठेवली जाईल, यावर आपला ताबा नसतो.